टेकओव्हरच्या अफवेत मार कोणाला, होल्डरला की शॉर्टवाल्याला?

मांडवीकर:
एका छोट्या केमिकल कंपनीचे शेअर दोन वर्षं धरून होतो. गेल्या महिन्यात बडोद्यातल्या आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच, मोठा ग्रुप कंपनी घेतोय, ओपन ऑफर (म्हणजे बाकी शेअरधारकांचे शेअर ठरल्या भावाने घ्यायची ऑफर) दुप्पट भावाने येणार. तीन दिवस अप्पर सर्किट, म्हणजे दिवसाची वाढीची मर्यादा गाठलेली, मला वाटलं खरंच असणार म्हणून वरच्या भावात आणखी घेतले, चौथ्या दिवशी कंपनीने कळवलं असं काहीच नाही आणि मग रोज लोअर सर्किट, म्हणजे घसरणीची मर्यादा, विकायला जावं तर घेणाराच नाही. ही सरळ चोरी आहे. शॉर्टवाले, म्हणजे जवळ नसलेला शेअर आधी विकून नंतर स्वस्तात परत घेणारे, मात्र पडतानाही कमावतात.

रावपुरा_ट्रेडर:
दादा, हे बराबर नाही. कॅशमध्ये, म्हणजे थेट शेअरच्या सौद्यात, आमचं शॉर्ट फक्त इंट्राडे, त्याच दिवशी साडेतीनच्या आत परत घ्यायलाच लागतं. सकाळी विकला आणि अफवेने अप्पर सर्किट लागलं तर सौदा ऑक्शनला जातो, म्हणजे एक्सचेंज आमच्या वतीने लिलावात शेअर घेतं, भाव वरचा आणि वर दंड. माझे दोनदा हात पोळलेत. तुमचा शेअर फार तर शून्यावर जाईल, आमच्या नुकसानाला छतच नाही. जर्मनीतल्या फोक्सवॅगनचं आठवा, ऑक्टोबर 2008. पोर्शने रविवारी जाहीर केलं की फोक्सवॅगनचे 42.6 टक्के शेअर आणि वर 31.5 टक्क्यांचे ऑप्शन (ठरल्या भावाचे करार) आपल्याकडे आहेत, 20 टक्के तिथल्या राज्य सरकारकडे, म्हणजे बाजारात उरले जेमतेम 6 टक्के आणि शॉर्ट त्याच्या दुप्पट, परत घ्यायला शेअरच पुरेना. मंगळवारी भाव 1000 युरोच्या वर. आणि ती तर अफवाही नव्हती, त्याआधी पोर्श इतकं घेणार नाही असंच सगळे धरून चालले होते.

जुना_आयपीसीएलवाला:
2002 साली सरकार आमच्या आयपीसीएल या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीतले 26 टक्के विकणार होतं तेव्हा कँटीनमध्ये रोज नवीन नाव यायचं. बोलीचे लिफाफे उघडले, एका शेअरला इंडियन ऑइल 128, निरमा 110 आणि रिलायन्स थेट 231 रुपये! मग 20 टक्क्यांची ओपन ऑफर पण 231 लाच आली. गडबडून आधी विकणारे हळहळले. सगळ्याच अफवा खोट्या नसतात हो.

मांडवीकर:
काका, तुमच्याकडे सरकारी लिलाव होता, तारीख होती, लिफाफे होते. माझ्याकडे फक्त फॉरवर्ड. आणि कंपनीचा नकार तरी कितपत धरायचा? सप्टेंबर 2021 मध्ये अदानी एनडीटीव्ही घेणार म्हणून शेअर उसळला, कंपनी नाही म्हणाली, ऑगस्ट 2022 मध्ये अदानीच आले. ओपन ऑफर 294 ची, बाजारभाव तेव्हाच त्याच्या वर.

रावपुरा_ट्रेडर:
नकार तेव्हा खरा असेलही, वर्षात चित्र बदलतं. पण अफवेमुळे भाव हलला तर 24 तासांत खुलासा द्यायचा हा सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, नियम जून 2024 पासून बाजारमूल्याने पहिल्या 100 कंपन्यांना, डिसेंबरपासून पहिल्या 250 ना. तुमची केमिकल कंपनी त्यात येतच नाही. तो खाली सगळ्यांना लावा म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूने, पण शॉर्ट बंद करा म्हणाल तर नाही, कारण त्या तीन दिवसांत भाव खोटा आहे असं पैसे लावून सांगणारे आम्हीच होतो.

मांडवीकर:
नियमाचं मान्य. शॉर्टचं अजून पटत नाही.