मदत हवी आहे: एक्स्पेडाइट (तातडीच्या) मालवाहतुकीसाठी कार्गो व्हॅन घ्यावी का? (अमेरिका)

नमस्कार मंडळी,

पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी मिशिगनमध्ये राहतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एकोणीस वर्षं मटेरियल प्लॅनर होतो. गेल्या महिन्यात आमचा अख्खा विभाग बंद केला आणि मी घरी बसलो. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे स्वतःचा धंदा करायला आडकाठी नाही. वय ४८, पाठ अजून शाबूत आहे, मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला.

व्हॅनचं खूळ डोक्यात शिरलं ते नोकरीतूनच. असेंब्ली लाइनशेजारी माल जेमतेम काही तास पुरेल एवढाच ठेवतात. मेक्सिकोहून येणारा ट्रक सीमेवरच्या लारेडोला अडकला, किंवा कुणी मोजणीत घोळ घातला, की लाइन थांबायची वेळ येते आणि मग मिनिटागणिक पैसा जळतो. अशा वेळी रात्री अकराला फोन करून आम्ही व्हॅन मागवायचो. एकदा इंडियानातून फक्त एक खोका आला होता. आत रबरी ग्रोमेट (भोकात बसवायच्या कड्या), खोका चपलांच्या डब्याएवढा. चौदा फुटी व्हॅनच्या रिकाम्या पोटात तो एकटाच, दोन पट्ट्यांनी करकचून आवळलेला, आणि पहाटे साडेचारला ड्रायव्हर कागद पुढे करून सही मागतोय. त्या खेपेचं ११०० डॉलरचं बिल मीच मंजूर केलं होतं. या माणसाने एका रात्रीत अकराशे कमावले, हे गणित तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

थोडा अभ्यास केलाय. व्हॅनचं जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे गाडी अधिक माल मिळून मंजूर वजन, १०,००१ पौंडांच्या खाली असेल आणि धोकादायक मालाची पाटी लावावी लागत नसेल, तर ट्रकवाल्यांचे ड्रायव्हिंगच्या तासांचे केंद्रीय नियम आणि इलेक्ट्रॉनिक लॉगबुक लागू होत नाही. सीडीएल, म्हणजे जड वाहनांचा परवाना, तोही लागत नाही. कामाचे दोन मार्ग दिसतात. एखाद्या कॅरियरकडे (माल वाहणाऱ्या कंपनीकडे) व्हॅन लीजवर लावायची आणि त्यांच्या परवान्यावर चालवायची, किंवा ३०० डॉलर फी भरून स्वतःची अथॉरिटी (भाड्याने माल नेण्याचा केंद्रीय परवाना) काढायची.

एक डीलर नवी ट्रान्झिट (फोर्डची व्हॅन) द्यायला तयार आहे. हाय रूफ (उंच छत), एक्स्टेंडेड (जास्त लांब), किंमत पन्नास हजारांच्या वर, हप्ते ७२ महिने. दुसरीकडे मर्सिडीजची एक वापरलेली स्प्रिंटर आहे, १,३८,००० मैल झालेली, निम्म्याहून कमी पैशांत. ट्रान्झिटसाठी ५०० डॉलर टोकन देऊन ठेवलंय, शुक्रवारपर्यंत परत मिळू शकतं. बायको म्हणते, आधी कुणाला तरी विचार. मुलगी म्हणते, "बाबा, तू आता पार्सलवाला होणार?" दोघींना द्यायला माझ्याकडे धड उत्तर नाही.

कोणती घेऊ? आणि यात खरंच महिन्याकाठी किती सुटतात? इथे कुणी हे काम केलंय का?

— रिकामटेकडा_४८

मैलदगड

मी केलंय. ओहायोतून, चार वर्षं, ट्रान्झिटवर. अजूनही मधूनमधून करतो.

आधी तुमचे अकराशे. ते बिल तुम्हाला ज्याने लावलं तो ब्रोकर (माल आणि गाडी जुळवून देणारा दलाल) किंवा लॉजिस्टिक्स कंपनी. त्याने आपला वाटा कापून लोड कॅरियरला दिलं. कॅरियरने आपला वाटा कापला. उरलं ते ड्रायव्हरचं, आणि त्यातून पेट्रोल त्याचंच. सहीसाठी उभ्या असलेल्या त्या माणसाच्या हातात निम्मे पडले असतील तरी तो खूश असेल. तुम्ही इतकी वर्षं या धंद्याचं वरचं टोक पाहिलंत, आता खालून बघा.

माझ्या वहीतली एक खेप देतो. ५२० मैलांचं लोड, मैलाला १ डॉलर १० सेंट, म्हणजे ५७२ डॉलर. ऐकायला बरं वाटतं. पण माल उचलायला आधी १४० मैल रिकामं जायचं होतं. आणि जिथे उतरवला तिथे आजूबाजूला काही नाही, म्हणून पुढचं लोड मिळेल अशा गावापर्यंत आणखी २१० मैल रिकामं. झाले ८७० मैल. आता भागा: मैलाला ६६ सेंट. मैलाला १६ च्या सरासरीने आणि ३ डॉलर २० सेंटच्या भावाने पेट्रोलचेच १७४ गेले. वर टायर, ऑइल, विमा, हप्ता. आयआरएसने (कर खात्याने) २०२५ साठी धंद्याच्या मैलाला धरलेला खर्च ७० सेंट होता. म्हणजे सरकारी हिशेबाने त्या दिवशी मीच पैसे देऊन लोकांचा माल पोचवला.

(मैलाला १६ नाही, गॅलनला १६. झोपेत लिहितोय.)

सगळ्याच खेपा अशा नसतात. डेट्रॉइट ते लारेडो सोळाशे-सतराशे मैल होतात, तिथून परतीचं लोड मिळालं की आठवडा मस्त जातो. पण लारेडोला तीन दिवस पार्किंगमध्ये फोनकडे बघत बसलोय असंही झालंय. जुलैच्या सुरुवातीला आणि नाताळात गाड्यांचे प्लांट बंद असतात तेव्हा तर विचारूच नका.

म्हणून व्हॅन नंतर, कॅरियर आधी. कॅरियरला विचारा: टक्के देता की मैलाला, रिकाम्या मैलांचे काही देता का, डॉकवर (माल चढवायच्या फलाटावर) तासन्‌तास थांबवलं तर डिटेन्शन (थांबण्याचे पैसे) माझ्यापर्यंत पोचतं का, लोड नाकारलं तर रांगेत मागे टाकता का, आणि मुख्य म्हणजे आत्ता तुमच्याकडे किती व्हॅन रिकाम्या बसल्यात. शेवटच्या प्रश्नाला जो सरळ उत्तर देईल त्याच्याकडे जा. गाडी कोणती चालते हेही तेच सांगतील.

लॉगबुक नाही याचा आनंद बेताने करा. तासांचा नियम नाही म्हणजे डिस्पॅचर (खेपा वाटणारा) रात्री दोनला फोन करून "फक्त सातशे मैल आहे" म्हणू शकतो. नाही म्हणायचं काम तुमचं तुम्हालाच करावं लागतं. मी एकदा म्हटलं नाही. केंटकीत रस्त्याच्या कडेच्या रंबल स्ट्रिपच्या (खडबडीत पट्टीच्या) आवाजाने डोळे उघडले.

सुगरणचिमणी

माझा नवरा दोन वर्षं यात होता, हिशेब मी बघायचे. मैलदगड यांनी रस्त्यावरचं सांगितलं, मी कागदावरचं सांगते.

दादा, घरच्या गाडीच्या विम्यावर हे काम एक दिवससुद्धा करू नका. भाड्याने माल नेताना अपघात झाला तर ती पॉलिसी हात वर करते. स्वतःच्या अथॉरिटीवर १०,००१ पौंडांखालच्या गाडीला केंद्राची किमान अट ३ लाख डॉलरच्या लायबिलिटीची (दुसऱ्याच्या नुकसानभरपाईच्या विम्याची) आहे, पण ब्रोकर बहुतेक १० लाख आणि वर १ लाखाचा कार्गो विमा मागतात. नवख्याला तो हप्ता फार महाग पडतो. म्हणून पहिलं वर्ष लीजवर काढणं बरं.

लीजचा करार मात्र नीट वाचा. केंद्राच्या लीजिंग नियमांप्रमाणे तुम्हाला काय मिळणार आणि काय कापणार ते करारात लिहिलेलं असावं लागतं. खेपेचे कागद दिल्यापासून १५ दिवसांत पैसे, आणि करार संपल्यापासून ४५ दिवसांत एस्क्रोची (कॅरियरने ठेवून घेतलेल्या अनामतीची) उरलेली रक्कम परत, हेही त्यातच येतं. आम्हाला हे माहीत नव्हतं. आमच्या कॅरियरने "मागच्या दुरुस्तीचे" म्हणून हजार डॉलर अडकवून ठेवले. मी नियमाचा उतारा ईमेलने पाठवला, तर आठवड्यात चेक आला.

टॅक्स: नफ्यावर इन्कम टॅक्स वेगळा आणि सेल्फ-एम्प्लॉयमेंटचा १५.३ टक्के वेगळा, दर तिमाहीला भरायचा. पहिल्याच वर्षी व्हॅनची किंमत कर कायद्याच्या सेक्शन १७९ खाली उत्पन्नातून वजा केली, तर त्या गाडीला पुढे कधीच मैलावरची (आयआरएसच्या मैलाच्या दराची) वजावट घेता येत नाही. व्हॅन दिवसभर पळणार असेल तर मैलाचा हिशेब अनेकदा जास्त फायद्याचा ठरतो, तेव्हा आधी सीपीएशी (इथल्या सीएशी) बोला.

आणि हेल्थ इन्शुरन्सचं काय केलंत? तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीये. नोकरीचा विमा गेल्यापासून मार्केटप्लेसमध्ये (सरकारी विमा बाजारात) नाव घालायला ६० दिवसच मिळतात. व्हॅनचं राहू दे, हे आधी.

अनुस्वार

त्यापेक्षा दुसरी नोकरी शोधा. ४८ म्हणजे काही म्हातारे नाही.

कोरडी_भाकर

अनुस्वार, शोधतच असतील हो ते. प्रश्न व्हॅनचा आहे.

स्प्रिंटर माझ्याकडे होती. गाडी झकास, झोपायला ऐसपैस, डिझेलचं ॲव्हरेज छान. पण नेब्रास्कात भर थंडीत डीईएफच्या (डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाच्या) सेन्सरने डोळे वटारले आणि डॅशबोर्डवर आलं की आता इंजिन फक्त १० वेळा सुरू होईल. मागे लोड होतं. टाकी भरताना, जेवताना, कुठेही इंजिन बंद करायची छाती होईना. हात लावणारा डीलर दोनशे मैलांवर. फोर्डचं दुकान गावोगावी असतं, हा फरक तुम्हाला पार्किंगमध्ये कळत नाही, रस्त्यात कळतो.

प्रोमास्टरचा (रॅमच्या व्हॅनचा) विचार केलात का? आतल्या चाकांच्या कमानींमधली रुंदी जवळपास ५६ इंच, तिघींत जास्त. पण ४८ बाय ४० इंचांचं पॅलेट (माल रचायची लाकडी फळी) ट्रान्झिटमध्येही आरामात बसतं. ४० ची बाजू लांबीला ठेवली तर चौदा फुटांत चार बसतात. बसतात म्हणून चार घेऊ नका, प्रत्येक हजार पौंडांचं निघालं तर मागची स्प्रिंग जमिनीला टेकते.

आणि ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवरचं जीव्हीडब्ल्यूआर वाचा. त्याच ट्रान्झिटची ३५०एचडी १०,००१ च्या वरच्या रेटिंगमध्येही येते. स्प्रिंटर ३५०० चंही तसंच. डीलरला त्याचं सोयरसुतक नसतं. तुम्ही मात्र एका स्टिकरपायी लॉगबुकच्या नियमात जाऊन बसाल.

वापरलेली ट्रान्झिट बघणार असाल तर २०१५ ते २०१७ च्या गाड्यांना ड्राइव्हशाफ्टच्या रबरी कपलिंगचा रिकॉल (कंपनीने दुरुस्तीला परत बोलावणं) होता. व्हीआयएन (गाडीचा चेसिस नंबर) टाकून काम झालंय का बघा.

रिकामटेकडा_४८

सगळ्यांचे मनापासून आभार. मैलदगड, तुमची ८७० मैलांची खेप बायकोला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, फक्त कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला.

सुगरणचिमणी ताई, विम्याचा अर्ज काल रात्रीच भरला. खरंच डोक्यातून गेलं होतं.

टोकन परत घेतलं. माझ्या जुन्या कंपनीला व्हॅन पुरवणारे तीन कॅरियर मला माहीत आहेत, त्यांच्या डिस्पॅचर मंडळींशी वर्षानुवर्षं फोनवर भांडलोय. आज तिघांनाही फोन केला. दोघांनी लगेच "या, गाडी घेऊन या" म्हटलं. तिसरीने हसून सांगितलं, "आत्ता अकरा व्हॅन बसून आहेत, ऑगस्टमध्ये फोन कर. आणि येशील तेव्हा हाय रूफच आण." तिच्याशीच सगळ्यात जास्त भांडायचो.

म्हणजे ऑगस्ट. तोपर्यंत वापरलेलीच शोधतो, कर्ज न काढता घेता येईल अशी. शनिवारी एक २०१९ ची ट्रान्झिट बघायला जातोय, पूर्वी एका फुलवाल्याकडे होती. दारातल्या स्टिकरचा फोटो इथे टाकतो.

एक शंका राहिली. आमच्या डॉकवर व्हॅन आली की फोर्कलिफ्टवाला नेहमी कुरकुरायचा. ते का?

मैलदगड

डॉक साधारण ४८ इंच उंच, व्हॅनचा तळ त्याच्या दीड-पावणेदोन फूट खाली. त्याला फोर्कलिफ्ट रॅम्पवरून खाली आणून जमिनीवरून माल चढवावा लागतो. पावसात तर तो तुमच्या सात पिढ्या उद्धारेल. डोनट घेऊन जात जा.

फुलवाल्याची गाडी म्हणजे दारोदार थांबत, इंजिन चालू ठेवून फिरलेली. मैल कमी दिसतील. डॅशबोर्डच्या मेनूत इंजिन अवर्स असतात, त्याचाही फोटो टाका.