ध्रुवणमापक की ध्रुवीकरणमापक?

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी सौरवेधांवर टिपण लिहीत आहे. सूर्यप्रकाशातील ‘पोलरायझेशन’ (प्रकाशलहरींची कंपने वाटेल तशी न होता ठरावीक रीतीने होणे) मोजणाऱ्या उपकरणाला मराठीत काय म्हणावे? ‘ध्रुवीकरण’ म्हटले की मुलांना निवडणुका आठवतात. ‘एकप्रतल प्रकाश’ असा शब्द चालेल का?

उत्तर (वाशी) : ‘एकप्रतल’ चालणार नाही, कारण सूर्यडागांच्या वर्णपटरेषांत वर्तुळाकार ध्रुवणही (कंपनाची दिशा एका प्रतलात न राहता गोल फिरत राहणे) आढळते, खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेतून डागांतील चुंबकीय क्षेत्र ओळखले, ते त्याच्याच आधारे. माझा कौल ‘ध्रुवणमापक’ या शब्दाला आहे. ‘करण’ म्हटले की कोणीतरी काहीतरी घडवीत असल्याचा बोध होतो. येथे प्रकाश डागातून निघतानाच ध्रुवित झालेला असतो आणि उपकरणाने ती अवस्था न बिघडवता मोजायची असते.

उपकरणाची रचना करताना खरी कसोटी लागते ती इथेच. कॅमेऱ्याला केवळ तीव्रता कळते, ध्रुवण कळत नाही. म्हणून त्याच्यापुढे एक फिरती स्फटिकपट्टी आणि तिच्यामागे स्थिर ध्रुवक (एकाच दिशेची कंपने पुढे जाऊ देणारा गाळणीसारखा भाग) बसवतात. पट्टी फिरली की ध्रुवण तीव्रतेच्या चढउतारांत उमटते आणि त्यावरून भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्स यांनी १८५२ मध्ये मांडलेल्या, ध्रुवणाचे वर्णन करणाऱ्या चार राशी काढता येतात. मात्र दुर्बिणीतला तिरपा आरसा स्वतःच प्रकाशाला थोडेफार ध्रुवित करतो, आणि मोजायचा संकेत कित्येकदा तीव्रतेच्या हजाराव्या भागाइतकाच असतो. आरशाच्या या करणीला मात्र मी आवर्जून ‘ध्रुवीकरण’च म्हणेन.

प्रश्नकर्ते : आपले म्हणणे पटले. काल दुपारी तलावपाळीवर पोलरॉइड गॉगल काढून डोळ्यासमोर हळूहळू फिरवून पाहिला. मासुंद्याच्या पाण्यावरची चकाकी मालवे आणि पाव फेरा फिरवला की पुन्हा उजळे. पाण्यावरून परतलेला प्रकाश आधीच ध्रुवित होता, गॉगलने तो फक्त उघड केला. पण यात ‘ध्रुव’ कुठून आला? आपल्याकडे ध्रुव म्हणजे अढळ.

उत्तर : फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ मालुस यांनी १८०८ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला मावळता सूर्य कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिला. प्रकाशकणांना चुंबकासारखे ध्रुव असतात, अशी त्यांची समजूत होती. ती कल्पना पुढे टिकली नाही, नाव मात्र टिकले आणि आपण त्याचेच भाषांतर केले. अढळपदाशी त्याचा संबंध नाही, हे टिपणात एका वाक्यात सांगाच.

प्रश्नकर्ते : सांगतो. उपकरणासाठी ‘ध्रुवणमापक’ आणि आरशाच्या दोषासाठी ‘उपकरणजन्य ध्रुवीकरण’ असे दोन्ही शब्द घेतो.