बी.एस्सी. भाग १ : कॅल्क्युलसच्या आधीचे ३० तास कसे वापरावेत? (चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खडूफळा

सोलापुरातल्या एका कॉलेजात बी.एस्सी. भाग १ च्या मुलांसाठी कॅल्क्युलस सुरू होण्याआधी ३० तासांचा पूर्वतयारी वर्ग आखायचा आहे. रोज २ तास, १५ दिवस. ६० मुलं. बहुतेकांचं बारावीला गणित होतं, काहींचं दहावीनंतर सुटलेलं. मोहोळ, अक्कलकोट, मंद्रूपकडून एसटीने येणारी बरीच आहेत, म्हणून वेळ ११ ते १ धरली आहे.

कच्चा आराखडा असा: संच व संबंध, संमिश्र संख्या, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, शांकव (वर्तुळ, पॅराबोला यांसारखे वक्र), घातांक-लॉगरिदम, फलन (फंक्शन), लिमिट. ३० तासांत हे सगळं बसेल का? सुरुवातीला चाचणी घ्यायची तर ती कशी असावी? आणि शिकवायचं मराठीत की इंग्रजीत? घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारी मुलंही वर्गात आहेत.

(टायपिंगच्या सोयीसाठी इथे x, h, a ऐवजी क्ष, ह, अ आणि फलनाच्या f ऐवजी फ लिहितो आहे. फळ्यावर अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

स्पर्शिका

हा अकरावीचा अभ्यासक्रम झाला, फक्त घाईघाईत उरकलेला. संच, संमिश्र संख्या, मॅट्रिक्स आणि शांकव सरळ काढून टाका. वर्तुळ आणि पॅराबोला आलेखांत येतीलच. कॅल्क्युलसच्या पहिल्या महिन्यात मुलं नेमकी कुठे अडतात ते बघा आणि तिथून मागे या.

एकच उदाहरण घ्या: १/क्ष चा डेरिव्हेटिव्ह (त्या क्षणीचा बदलाचा दर) मूळ व्याख्येवरून काढणे. सुरुवात [१/(क्ष+ह) − १/क्ष] ÷ ह. यात लिमिटचा भाग शेवटच्या ओळीत येतो, आधीच्या सगळ्या ओळी आठवी-नववीच्या बीजगणिताच्या आहेत. छेद सारखे केले की अंशात क्ष − (क्ष+ह) येतं. कंस गळला की −ह च्या जागी +ह होतं आणि उत्तराचं चिन्ह उलटतं. मग त्या अपूर्णांकाला ह ने भागायचं असतं. काही मुलं ह वर नेऊन गुणतात, कारण अपूर्णांकाखाली अपूर्णांक आला की कोणती रेघ मोठी हेच दिसत नाही. शेवटी −१/[क्ष(क्ष+ह)] आल्यावर ह शून्याकडे न्यायचा, पण तोवर निम्मा वर्ग सुटलेला असतो. तरी आपण म्हणतो, मुलांना लिमिट कळत नाही.

माझी विभागणी: बीजगणित ८ तास, फलन व आलेख ९, घातांक-लॉग ४, त्रिकोणमिती ६, आणि शेवटचे ३ तास सरासरी बदलाचा दर म्हणजे [फ(क्ष+ह) − फ(क्ष)] ÷ ह हे एवढंच. क्ष², १/क्ष, √क्ष या तिघांसाठी ते हाताने सोडवता आलं की वर्गाचं काम झालं. √क्ष साठी अंशाचं परिमेयकरण (वर्गमुळं अंशातून घालवणं) लागतं. मुलांना छेदाचं करायची सवय असते, अंशाचं करायचं म्हटलं की थबकतात. त्याला वेगळा अर्धा तास ठेवा.

बीजगणिताच्या ८ तासांत नवीन काही शिकवू नका, दोन जुन्या सवयी मोडा. पहिली, "कट करणे". (क्ष+३)/३ मधले ३ कट करून क्ष लिहितात. आपण वर्गात वजाबाकीने गेलेल्यालाही कट म्हणतो आणि भागाकाराने गेलेल्यालाही. त्यामुळे ५ − ५ कट झालं की ०, ५/५ कट झालं की १, हा फरकच पुसला जातो आणि (क्ष−२)/(क्ष−२) चं उत्तर ० येतं. पंधरा दिवस हा शब्द वर्गात बंद ठेवा. प्रत्येक वेळी विचारा: भागलं की वजा केलं? कशाने?

दुसरी, "इकडचं तिकडे नेलं की चिन्ह बदलतं". −२क्ष = ६ मध्ये हे वाक्य लावलं की क्ष = ६/२ येतं, कधी क्ष = ६ + २ सुद्धा. त्याऐवजी दोन्ही बाजूंना काय केलं ते उजवीकडे समासात लिहायला लावा: "÷ (−२)". दोन दिवस वेळ जातो, तिसऱ्या दिवसापासून वाचतो. याचा खरा फायदा असमानतांत होतो. १/क्ष < २ ला दोन्ही बाजूंना क्ष ने गुणून मुलं क्ष > १/२ लिहून मोकळी होतात. समासात "× क्ष" लिहिलं की क्ष धन की ऋण हा प्रश्न आपोआप येतो. बरोबर उत्तर क्ष < ० किंवा क्ष > १/२.

नवीपेठ

चाचणी जरूर घ्या, पण बहुपर्यायी नको. पर्यायावरून चूक कशी झाली ते कळत नाही आणि आपल्याला तेवढंच हवं आहे. २० छोटे प्रश्न, ४० मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही, कच्चं काम त्याच कागदावर. गुण द्यायचे नाहीत, हे आधीच सांगा. नाहीतर शेजारच्याचं बघून लिहितात आणि चाचणी वाया जाते.

नमुन्याचे प्रश्न: √((−५)²) किती? (५ अपेक्षित, −५ येतं. क्ष च्या वर्गाचं वर्गमूळ म्हणजे |क्ष|, हे इथेच धरा.) √(क्ष² + ९) आणि क्ष + ३ समान आहेत का, क्ष = ४ घालून सांगा. (५ आणि ७.) लॉग २ + लॉग ५, पाया १०. (१.) साइन ३०° + साइन ६०° आणि साइन ९०° समान आहेत का? √(क्ष−२)/(क्ष−५) साठी क्ष च्या कोणत्या किमती चालतात? (२ किंवा जास्त, ५ सोडून.) फ(क्ष) = क्ष² − क्ष, तर फ(क्ष+ह) किती?

शेवटच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या चुका येतात आणि तिन्हींवर इलाज वेगळा. क्ष² − क्ष + ह आलं तर फलन म्हणजे काय हेच कळलेलं नाही. क्ष² + ह² − क्ष − ह आलं तर फलन कळलं, वर्गविस्तार चुकला. क्ष² + २क्षह + ह² − क्ष + ह आलं तर फक्त कंस गळला. म्हणून तपासताना बरोबर-चूक न करता चुकीला क्रमांक द्या: १ संकल्पना, २ बीजगणित, ३ चिन्ह-कंस, ४ कोरं. ६० कागदांना एक संध्याकाळ लागते.

एखाद्या प्रश्नात ३० च्या वर मुलं चुकली तर तो विषय फळ्यावर घ्या. आठ-दहाच चुकली असतील तर फळ्यावर नको. बाकी पन्नास जणांचं लक्ष उडतं. त्या आठ-दहांना शेवटच्या २० मिनिटांत वेगळा सरावकागद द्या. याच चाचणीचे आकडे बदलून अकराव्या दिवशी पुन्हा घ्या, पंधराव्या नको. पंधराव्या दिवशी चूक कळून उपयोग काय?

खडूफळा

संच-मॅट्रिक्स काढतो. फलनाचे ९ तास मात्र भरायचे कसे? व्याख्या, प्रांत, सहप्रांत, एकास-एक, आच्छादक हे सांगून तीन तासांत संपतं. आणि रेडियनबद्दल कुणी लिहील का? मुलं १८० आणि पायची अदलाबदल पाठ करतात, कशासाठी ते त्यांना माहीत नसतं.

मुळाक्षर

व्याख्येने सुरुवात केली तर तीन तासांत संपणारच. विजेच्या बिलापासून करा. घराघरांत येतं, आणि टप्प्याटप्प्याचं फलन त्यात तयार मिळतं. सोपे दर धरा: पहिल्या १०० युनिटना ५ रुपये, पुढच्या २०० ना १० रुपये. १०१ युनिटचं बिल किती, हे कागदावर लिहायला सांगा. बरीच मुलं १०१० लिहितील, म्हणजे टप्पा ओलांडला की सगळेच युनिट महाग. खरं बिल ५१०. आता दोन्हींचे आलेख काढायला लावा. चुकीच्या आलेखात १०० पाशी ५०० वरून १००० वर उडी दिसते, बरोबर आलेखात रेघ न तुटता फक्त चढ ५ चा १० होतो. उडीपाशी तुटलेलं सातत्य आणि डेरिव्हेटिव्ह नसलेला कोपरा, दोन्ही एकाच कागदावर आले आणि शब्द नंतर सांगता येतात. सूत्र लिहिताना १०(क्ष − १००) + ५०० मधला कंस मुलांनाच शोधू द्या. तिथेच आलेखाचं स्थानांतर कळतं.

फ(क्ष+ह) साठी क्ष ऐवजी रिकामी चौकट काढा: फ(▢) = ▢² − ▢. चौकटीत जे येईल ते कंसासह. फ(३), फ(−२), फ(२अ), फ(क्ष+ह) या क्रमाने जा. फ आणि क्ष चा गुणाकार समजणारी मुलं इथे सुधारतात.

आलेख आधी हाताने, चौकटीच्या वहीत. जिओजेब्रा मोबाइलवर फुकट चालतं, पण ते हाताने काढलेला आलेख पडताळायला. उलट केलं तर मुलं चित्र उतरवतात आणि क्ष = ० ला काय होतं हे सांगता येत नाही.

रेडियनसाठी स्टीलचं ताट आणि सुतळी आणा. ताटाचा व्यास २८ सेंमी असेल तर १४ सेंमीचे सुतळीचे तुकडे काठावर लावत जा. सहा पूर्ण बसतात आणि थोडी जागा उरते, तुकड्याच्या सुमारे ०.२८ पट. एका तुकड्याने केंद्रापाशी केलेला कोन म्हणजे एक रेडियन, सुमारे ५७.३°. पाय कुठून आला ते हाताला कळतं.

कशासाठी, याचं उत्तर कॅल्क्युलेटरवर द्या. रेडियन मोडमध्ये साइन ०.१ ला ०.१ ने भागा: ०.९९८३. मग ०.०१ घ्या: ०.९९९९८. एककडे चाललंय. आता डिग्री मोडमध्ये तेच करा: ०.०१७४५, म्हणजे पाय/१८०. अंशांत काम केलं तर साइनच्या प्रत्येक डेरिव्हेटिव्हला हा आकडा शेपटासारखा चिकटून राहील. रेडियन घेतले की तो १ होतो. मोड तपासायची खूण वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या: साइन ३० चं उत्तर ०.५ आलं तर डिग्री, −०.९८८ आलं तर रेडियन.

आवर्तनासाठी आपली चादर आहेच. नक्षी दर १२ इंचांनी आणि रंगाचा पट्टा दर ८ इंचांनी येत असेल, तर दोन्ही एकत्र पुन्हा कुठे जुळतात? २४ इंचांवर. साइन २क्ष + साइन ३क्ष चं आवर्तन याच वाटेने २ पाय निघतं.

भाषेचं म्हणाल, तर बोलणं मराठीत, लिहिणं इंग्रजीत, कारण पेपर इंग्रजीत आहे. 'फलन', 'प्रांत' हे शब्द आणि त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द मुलं पटकन शिकतात. अडतात ती 'अ‍ॅट मोस्ट', 'प्रोव्हायडेड', 'इफ अँड ओन्ली इफ' यांवर. 'अ‍ॅट मोस्ट ५' मध्ये 'मोस्ट' ऐकून ५ पेक्षा जास्त घेतात. असे दहा-बारा वाक्प्रयोग, प्रत्येकापुढे एक चिन्ह किंवा संख्यारेषा, एवढा एक कागद सगळ्यांना द्या. चिन्हाला भाषा लागत नाही, त्यामुळे कन्नड-तेलुगू घरांतल्या मुलांनाही तोच कागद पुरतो.

नवीपेठ

एका गोष्टीवर मत वेगळं. लॉगला ४ तास कमी आहेत, ५ करा आणि तो तास त्रिकोणमितीतून घ्या. बेरीज-वजाबाकीची सगळी सूत्रं इथे सिद्ध करायची गरज नाही. बारावीत लॉग टेबल वापरलेलं असतं, पण लॉग म्हणजे घातांक हे तुटलेलं असतं. "८ टक्के चक्रवाढीने पैसे किती वर्षांत दुप्पट?" हा प्रश्न द्या. आधी १ ला पुन्हापुन्हा १.०८ ने गुणत जायला लावा, नवव्यांदा १.९९९ येतं. मग लॉग २ ÷ लॉग १.०८, म्हणजे ०.३०१० ÷ ०.०३३४ करून पुन्हा ९. दुसरं, किल्लारीचा १९९३ चा भूकंप ६.२ चा होता. ४.२ च्या भूकंपाशी तुलना करा: कंपनाचा विस्तार १०० पट, ऊर्जा सुमारे १००० पट. नुसती वजाबाकी करून "दोनने जास्त" म्हणणाऱ्याला लॉग कशाला लागतो ते इथे दिसतं.

खडूफळा

बीजगणित ८, फलन ९, लॉग ५, त्रिकोणमिती ५, बदलाचा दर ३ असं ठेवतो. चाचणी पहिल्या दिवशी, पुन्हा अकराव्या. उरला एक प्रश्न: प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की दहा-बारा मुलं वर्ग अर्धा झाल्यावर येतात. त्यांचं काय?

स्पर्शिका

त्यांना सुरुवातीपासून शिकवत बसू नका. आल्या दिवशी तीच २० प्रश्नांची चाचणी द्या आणि चूक १, २, ३ बघून फक्त त्या विषयांचे सरावकागद हातात ठेवा. म्हणून सगळे सरावकागद पहिल्या दिवसाआधी छापून तयार हवेत, प्रत्येक विषयाचा एक, एका बाजूला दोन सोडवलेली उदाहरणं आणि मागे दहा प्रश्न. उत्तरं कागदावर नकोत, स्टाफरूमबाहेर लावा. आणि फलनाचा भाग पाचव्या ते नवव्या दिवशी येतो, त्या दिवसांत नवीन आलेला मुलगा असेल तर त्याला मागचं बीजगणित बाजूला ठेवून थेट वर्गात बसवा. फलन सुटलं तर पुढचं काहीच लागत नाही. बीजगणित घरी सरावाने भरून निघतं.