मदत हवी आहे : जावा स्विंगमधील प्रोग्रॅम पायथनच्या टिकिंटरमध्ये आणताना इव्हेंट हाताळणीत आलेली अडचण

नमस्कार.

वाचनालयाची ग्रंथनोंद ठेवणारा, जावा स्विंगमध्ये लिहिलेला माझा जुना प्रोग्रॅम मी सध्या पायथनच्या टिकिंटरमध्ये आणत आहे (स्विंग आणि टिकिंटर म्हणजे त्या-त्या भाषेत खिडक्या, बटणे तयार करण्याचे संच). खिडक्या आणि रकाने सहज जमले. अडले ते इव्हेंटपाशी, म्हणजे बटण दाबणे, खिडकी बंद करणे अशा घटना हाताळण्यापाशी.

पहिली अडचण सुटली आहे, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो. महिन्यांची 12 बटणे मी लूपमध्ये तयार केली. जावात फॉर-ईच लूपच्या प्रत्येक फेरीतला महिना लॅम्डा (जागेवरच लिहिलेले निनावी फंक्शन) स्वतःपाशी ठेवतो. पायथनमध्ये लॅम्डा व्हेरिएबललाच धरून राहतो आणि त्याची किंमत बटण दाबल्यावर वाचतो. त्यामुळे कोणतेही बटण दाबले तरी डिसेंबरचीच यादी उघडत असे. महिना डीफॉल्ट आर्ग्युमेंट (फंक्शनला आधीच ठरवून दिलेली किंमत) म्हणून दिल्यावर हे थांबले. मात्र तोच लॅम्डा बाइंडने एंटरच्या कळीला जोडला, तेव्हा टिकिंटरने पाठवलेला इव्हेंट ऑब्जेक्ट महिन्याच्या जागी जाऊन बसला. तेथे इव्हेंटसाठी आधी वेगळे आर्ग्युमेंट ठेवावे लागते.

खरा प्रश्न पुढचा आहे. पुस्तकांची मोठी फाइल आयात करण्याचे काम जावात मी स्विंगवर्करवर (लांबलेले काम पार्श्वभूमीला करणारा स्विंगचा क्लास) सोपवले होते. काम वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यावर) चाले आणि प्रगती दाखवणारा भाग खिडक्या हाताळणाऱ्या इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर. टिकिंटरमध्ये तशी तयार सोय नसल्यामुळे मी थ्रेड आणि क्यू (थ्रेडकडून आलेले निरोप साठवणारी रांग) वापरतो, आणि प्रगती दाखवणाऱ्या टॉपलेव्हल (वेगळ्या) खिडकीवर 'आफ्टर' (ठरावीक वेळानंतर फंक्शन चालवणारी मेथड) लावून दर 100 मिलिसेकंदांनी क्यू रिकामी करतो. आयात पूर्ण होऊ दिली, तर सारे सुरळीत चालते. ती खिडकी मध्येच बंद केली, तर टर्मिनलमध्ये 'इन्व्हॅलिड कमांड नेम' अशी त्रुटी येते आणि थ्रेड मात्र नोंदी घालतच राहतो. खिडकी नष्ट होताना तिच्यावर नोंदवलेली कमांड पुसली जाते, पण टायमर शिल्लक राहतो, असा माझा कयास आहे.

अशा वेळी खिडकी बंद होण्याच्या हँडलरमध्ये 'आफ्टर कॅन्सल' करणे योग्य, की 'आफ्टर' मुळात रूट (मुख्य) खिडकीवरच लावणे? स्विंगवर्करमध्ये 'कॅन्सल' होते, तर पायथनच्या थ्रेडला बाहेरून थांबवता येत नाही. म्हणून थ्रेडिंग मोड्यूलमधील इव्हेंट (थांबण्याची खूण; खिडकीच्या इव्हेंटहून वेगळी गोष्ट) प्रत्येक नोंदीनंतर तपासून ट्रान्झॅक्शन (एकगठ्ठा घातलेल्या साऱ्या नोंदी) मागे घ्यावे, असा विचार आहे. अर्धवट आयात झालेली ग्रंथसूची मला कोणत्याही परिस्थितीत नको आहे. शिवाय, क्यूऐवजी दुसऱ्या थ्रेडमधून थेट 'इव्हेंट जनरेट' (खिडकीकडे इव्हेंट पाठवणारी मेथड) वापरण्यावर विसंबता येईल का?

पायथन 3.12 आणि टीके (टिकिंटर ज्यावर चालते तो संच) 8.6 वापरत आहे. प्रोग्रॅम विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालायला हवा.