एआयचं 'धोरण' ठरवायचंय, पण सुरुवात कुठल्या टेबलापासून?

पंपवाला:

नमस्कार मंडळी. आमचा औद्योगिक पंप आणि सुट्या भागांचा व्यवसाय आहे, शंभरेक माणसं. नुकतंच एका सल्लागार कंपनीने सादरीकरण केलं. एआयकडून करून घेता येतील अशा कामांची लांबलचक यादी त्यात होती: ग्राहकांना उत्तरं, कोटेशन, मागणीचा अंदाज, उमेदवारांची चाळणी, मार्केटिंगचा मजकूर. शेवटच्या पानावर 'परिवर्तन' असं लिहिलेला एक मोठा बाण.

काका (तेच आमचे मॅनेजिंग डायरेक्टर) म्हणतात, सगळ्यांना एआय साधनाचं लायसन्स देऊन टाकू, शिकतील आपोआप. धाकटा भाऊ म्हणतो, आधी वेबसाइटवर चॅटबॉट बसवू, निदान लोकांना दिसेल तरी. अकाउंट्सचं म्हणणं, आधी ईआरपी (हिशेब, साठा, ऑर्डरी एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) धड चालू करा. मला तिघांचंही थोडं थोडं पटतं, हीच पंचाईत आहे. पहिलं काम कोणतं घ्यायचं, ते कशावरून ठरवता? सॉफ्टवेअर कोणाचं, हा प्रश्न नंतरचा. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरूर लिहा.

निळी_शाई:

मी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत एस्टिमेशन, म्हणजे चौकशीवरून किंमत काढण्याचं काम, बघते. आमच्याकडे हे सुरू झालं तेव्हा दर मीटिंगला मी एकच प्रश्न लावून धरला होता, लोक वैतागले तरी सोडला नाही: यंत्राने केलेलं काम तपासणार कोण, आणि तपासायला किती वेळ जाणार? करण्यापेक्षा तपासणं खूप स्वस्त पडत असेल तर ते काम घ्या. दोन्हीला सारखाच वेळ लागत असेल तर सोडा. तपासणारं कोणीच नसेल तर त्या कामाच्या वाटेलाच जाऊ नका.

आमच्याकडे चौकशी येते कशी, तर कधी ईमेल, कधी टेंडरचं स्कॅन केलेलं पान, कधी डेटाशीटचा फोनवर काढलेला तिरका फोटो. त्यातून साइज, प्रेशर क्लास, मटेरियल, एंड कनेक्शन, नग हे सगळं शोधून तक्त्यात भरायचं. नव्या मुलांचा दिवस यातच जायचा. हे काम एआयकडे दिलं. सुरुवातीलाच 'डीएन १५०, पीएन १६' अशी ओळ आली आणि पठ्ठ्याने क्लासच्या रकान्यात १५० भरून टाकले! इथे १५० म्हणजे साइज, सहा इंची. क्लास १५० हे दुसऱ्याच मानकातलं प्रेशर रेटिंग. पण जाणत्या माणसाला ही गफलत दोन सेकंदांत दिसते. अट एवढीच की मूळ ओळ आणि भरलेला आकडा शेजारी शेजारी हवेत. म्हणून आम्ही स्क्रीनच तशी करून घेतली: डावीकडे ग्राहकाच्या कागदाचा तेवढाच तुकडा, उजवीकडे रकाना. माझ्या मते आमचा सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च हा, मॉडेलवरचा नव्हे. दर मात्र एआय ठरवत नाही. सवलत तर नाहीच नाही.

आता तुमचा चॅटबॉट. एअर कॅनडाच्या बॉटने एका प्रवाशाला शोकप्रसंगीच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. बॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतःच जबाबदार, असा काहीसा बचाव कंपनीने केला. २०२४च्या फेब्रुवारीत ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. वेबसाइटवर जे दिसतं ते तुमचंच बोलणं. तिथे तपासणारा असतो फक्त ग्राहक, आणि तो चूक झाल्यावर तपासतो. भावाला सांगा, दिसण्यासाठी करायचं असेल तर आधी वेबसाइटचे फोटो बदला.

काकांच्या लायसन्सबद्दल. मेटर नावाच्या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांवर प्रयोग केला. स्वतःच्या ओळखीच्या कोडवर एआय घेऊन काम करताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि आपण २० टक्के वेगाने काम केलं असं त्यांना वाटत होतं! प्रयोग छोटा होता, साधनंही तेव्हाची. तरी 'टीमला कसं वाटतंय' या सर्वेक्षणावर माझा विश्वास उडाला. उलट बाजूही सांगते. ग्राहकसेवेतल्या ५,१७९ कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या, नवख्यांच्या तर ३४ टक्क्यांनी. मुरलेल्यांना जवळपास काहीच फायदा नाही. तिथे एआय उत्तर सुचवायचं, पाठवायचं की नाही ते माणूस ठरवायचा. तेव्हा लायसन्स द्यायचीच असतील तर सरसकट वाटू नका, आणि आज कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते आधी घड्याळ लावून लिहून ठेवा. नंतर तो आकडा मिळत नाही.

उलट_तपासणी:

माफ करा, पण याला धोरण नाही म्हणत, काटकसर म्हणतात. अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये कारखान्यांतल्या विजेवर लिहिलं होतं. एडिसनचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र १८८२चं, पण अमेरिकी कारखान्यांची उत्पादकता खऱ्या अर्थाने वाढली १९२०च्या दशकात. कारण? आधी वाफेचं इंजिन काढून तिथे मोटर बसवली, छताखालचा लांब शाफ्ट आणि पट्टे तसेच ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, कारखान्याची मांडणी नव्याने झाली, तेव्हा कुठे फरक पडला. तक्ता माणसाऐवजी एआयने भरला म्हणजे तुम्हीही मोटरच बदलली ना?

निळी_शाई:

@उलट_तपासणी, मुद्दा मान्य, पण मांडणी बदलायला आधी कामावर भरवसा बसावा लागतो. आमच्याकडे तक्ता लवकर व्हायला लागल्यावर खरा बदल पुढे झाला. पूर्वी चौकशीत काय राहिलंय हे कोटेशन बनवताना कळायचं, मग ग्राहकाला प्रश्न जायचे. आता ते त्याच दिवशी जातात: तापमान लिहिलेलं नाही, व्हॉल्व्हच्या सीटचं मटेरियल कोणतं हवं? त्यामुळे जुनी माणसं टायपिंगमधून सुटली आणि ग्राहकाशी बोलायला लागली. ही मांडणी कुठल्याही सादरीकरणात नव्हती.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. नवी मुलं तक्ते भरता भरताच डेटाशीट वाचायला शिकायची. ते कामच गेलं तर दहा वर्षांनी दोन सेकंदांत चूक पकडणारा येणार कुठून? सध्या मी नव्यांना सुरुवातीचे काही महिने हातानेच भरायला लावते. मॅनेजमेंटला ते उधळपट्टी वाटते. वाटू दे.

सर्व्हर_रूम:

आयटीच्या बाजूने दोन गोष्टी. ग्राहकांची ड्रॉइंग्ज गोपनीयतेच्या कराराखाली असतील तर ती कुठल्या टूलमध्ये जाताहेत ते आधी बघा. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला, आणि मग कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. आपला डेटा ट्रेनिंगला वापरणार नाही, हे करारात लेखी हवं. सेल्सवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

दुसरं, जुन्या निकाली निघालेल्या चौकशा बरोबर उत्तरांसकट बाजूला काढून ठेवा, वेड्यावाकड्या मुद्दाम घ्या. पुरवठादार मॉडेल बदलतो तेव्हा तुम्हाला विचारत नाही. दर वेळी हा गठ्ठा नव्या मॉडेलला देऊन उत्तरं ताडून बघायची. उद्या पुरवठादार बदलायचा झाला तरी हाच कामाला येतो. ईआरपीबद्दल अकाउंट्सवाले अर्धे बरोबर आहेत: सगळं ईआरपी सुधारायला थांबू नका, पण एकाच पार्टला तीन कोड असतील तर तेवढं आधी आवरा.

पंपवाला:

सगळ्यांचे आभार. आमच्याकडे ग्राहक झिजलेल्या इंपेलरचा (पंपातलं फिरणारं चाक) आणि पंपाच्या नेमप्लेटचा फोटो पाठवतात आणि आम्ही पार्ट नंबर शोधत बसतो. तपासणं सोपं, कारण कॅटलॉगमधलं ड्रॉइंग शेजारी उघडता येतं. तिथून सुरू करतो. फक्त एक शंका: बहुतेक वेळा उत्तर बरोबरच येऊ लागलं की तपासणारा न बघता 'ओके' दाबत सुटेल, त्याचं काय?

निळी_शाई:

सुटतोच. विमानतळावर सामान तपासणाऱ्यांच्या एक्स-रे स्क्रीनवर अधूनमधून खोट्या शस्त्राचं चित्र टाकतात, लक्ष आहे का बघायला. आम्ही तेच करतो, अधूनमधून मुद्दाम चुकीची ओळ पेरतो. पकडली नाही तर कोणाला बोलणी बसत नाहीत, पण त्या दिवशीचा त्याचा गठ्ठा दुसऱ्याकडे पुन्हा जातो. आणि पेरलेल्या ओळी कोटेशन निघायच्या आधी आपोआप गळून पडतात ना, याची खात्री @सर्व्हर_रूम यांच्यासारख्या कोणाकडून तरी आधीच करून घ्या.