पोरगी म्हणते एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं असलेली लढत) करणारच, काय करू?

प्रश्न (सक्करदरा, नागपूर): पोरगी १९ची, सात वर्षांपासून वुशू (चिनी मार्शल आर्ट) खेळते. काल कान सुजला होता, तरी हातावर पट्ट्या गुंडाळत बसली होती. मला पाहवत नाही हो. पण तिला अडवायचंही नाही. यात पुढे काही आहे का?

उत्तर: ताई, एमएमए खेळाडू पूजा तोमरही वुशूतूनच आली. ८ जून २०२४ला अमेरिकेत लुईव्हिलमध्ये जिंकली, यूएफसीत (एमएमएच्या मोठ्या अमेरिकी स्पर्धेत) जिंकणारी पहिली भारतीय महिला! ठोसे-लाथा येतातच, आता जमिनीवरची कुस्ती शिकवा.

उत्तर: मी एमएमए खेळायची. स्ट्रॉवेट या वजनगटाची मर्यादा ५२.२ किलो. नागपूरच्या मे महिन्यात पाणी पिणं तोडून वजन उतरवू देऊ नका. मी न्हाणीघरातच चक्कर येऊन पडले होते.

प्रश्नकर्ती: वाचून दाखवलं तिला. पाण्याची बाटली भरून ठेवली, उद्या आखाड्यात दोघी जातोय.