मिक्सरात डिझेल करणाऱ्या पात्रांवांना

लॅबवाला_डिचोली

काल इथल्याच एका पात्रांवांनी (म्हणजे साहेबांनी) लिहिलं: "भज्यांचं उरलेलं तेल, पाचवा हिस्सा मिथेनॉल, चमचाभर कॉस्टिक सोडा. मिक्सरात वीस मिनिटं फिरवा. झालं डिझेल, पंपवाल्याला रामराम." खाली टाळ्याच टाळ्या. मी तेवीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत नळ्या धुतल्या आहेत. गप्प बसवेना.

कृती साफ खोटी असती तर बरं झालं असतं, कोणाचं काही बिघडलं नसतं. पण ती निम्मी खरी आहे (तेल, मिथेनॉल आणि कॉस्टिकपासून बायोडिझेल होतं खरंच), आणि तिथेच घात आहे.

मिक्सरच्या मोटारीत ब्रश असतात, ते ठिणग्या टाकतात. दिवे गेल्यावर, म्हणजे इन्व्हर्टरवर चटणी वाटताना, खालच्या जाळीतून बघा. मिथेनॉलची वाफ 11-12 अंशांनाच पेट घेऊ शकते. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेही एवढी थंडी पडत नाही. वर दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही, हात भाजल्यावरच कळतं. मुंबईच्या मालवणीत 2015 साली विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ती याच मिथेनॉलने. ते प्यावंच लागतं असं नाही, वाफेतून आणि कातडीतूनही अंगात जातं. आणि त्याच भांड्यात दुसऱ्या दिवशी खोबरं वाटणार?

आता "चमचाभर" कॉस्टिक. कोणाचा चमचा? ताज्या तेलाला लिटरमागे साधारण 3.5 ग्रॅम लागतो. तळून तळून तेल आंबट होतं, त्याला वरून आणखी किती, ते दर वेळी थेंब मोजून काढावं लागतं. कमी पडला तर तेल तसंच राहतं, जास्त पडला तर साबण. आणि ॲल्युमिनियमच्या टोपात कालवलात तर कॉस्टिक टोप खातो आणि हायड्रोजन सोडतो. शेजारी शेगडी चालू असली की पुढचं मी लिहीत नाही.

सत्तरीचा_कुळागरी

लॅबवाले काका, भिववणं झालं असेल तर दोन शब्द माझे. मी दोन वर्षं करतोय. मिक्सर नाही, बादली नाही. जुन्या गिझरची टाकी, झाकण घट्ट, गोठ्याच्या मागे उघड्यावर. 20 लिटर तेलाला 4 लिटर मिथेनॉल, 55 अंशांपर्यंत गरम, रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाला काकवीसारखं ग्लिसरीन बसतं, वरचं काढून तीनदा पाण्याने धुवायचं, मग तापवून पाणी उडवायचं. कुळागराचा, म्हणजे पोफळीच्या बागेचा, जुना एक सिलिंडरचा पंप त्यावर चालतो. धुराला मिरची भज्यांचा वास येतो, कुत्री पंपाभोवती बसतात.

1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. तेव्हा कोणी लॅबवाला आडवा आला नव्हता.

लॅबवाला_डिचोली

ते नुसतं तेल होतं, बायोडिझेल नव्हे. तुमच्या टाकीत जे होतं त्याचा पॅरिसशी संबंध नाही. आणि पहिल्या दोन महिन्यांत फिल्टर किती वेळा तुंबला तेही लिहा.

सत्तरीचा_कुळागरी

तीनदा. टाकीतली वर्षानुवर्षांची घाण ते सोडवून आणतं. रबरी नळीही फुगून मऊ पडली, बदलली. लिहिलं. समाधान?

फोंड्याची_सुगरण

मला एवढंच कळू दे, 20 लिटर जळकं तेल आणता कुठून? आमच्याकडे चवथीला नेवऱ्या तळल्या की त्याच तेलात पापड, मग उरलेल्यावर आठवडाभर फोडण्या. शेवटचं वाटीभर बांगड्याला. टाकायला थेंब उरत नाही. माझ्या सासूबाई तर कढई पावाने पुसायच्या.

सत्तरीचा_कुळागरी

ताई, घरचं नाही. बाजारातल्या भज्यांच्या दोन गाड्यांवरून डबे आणतो.

मांडवीपार

गाडेवाला तेल टाकतो?? कुठल्या जगात राहता! मोठ्या हॉटेलातलं काळं तेल छोटा घेतो, त्याच्याकडचं त्याहून छोटा. टीपीसी, म्हणजे तळून तळून तेलात साठणारी खराब द्रव्यं, 25 टक्क्यांवर गेली की तेल बाद, हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याने, त्याच वर्षी "रुको" काढलं, वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेल करा म्हणून. आमच्या कोपऱ्यावरच्या कढईने ते वाचलेलं दिसत नाही. परवा भाजीपाव खाल्ला, संध्याकाळपर्यंत ढेकर.

गाडेवाल्याचा_मुलगा

ढेकर आला म्हणून आख्ख्या धंद्याला चोर ठरवणार का? बाबांनी एकतीस वर्षं गाडा लावला, मी त्यावर शिकलो. रोज रात्री कढई रिकामी, तळाचा गाळ वेगळा, तेल डब्यात. तुम्ही बारा रुपयांच्या भज्यांसाठी दोन रुपये कमी करायला भांडता आणि रोज ताजं तेल मागता. तेलाचा डबा काय भावाने येतो, विचारलंत कधी?

मांडवीपार

तुमच्या बाबांविषयी बोललो नाही. टोपी बसली तर घाला.

गाडेवाल्याचा_मुलगा

तोंड सांभाळून. गाड्यावर या, कढई दाखवतो. पंचतारांकित हॉटेलच्या मागच्या दाराला जाऊन विचारायची हिंमत आहे?

फोंड्याची_सुगरण

अरे बाबांनो, मी फक्त तेल कुठून येतं ते विचारलं होतं. (कढई बघायला मात्र मी येणार. एकतीस वर्षं टिकलेल्या गाड्याची मिरची भजी वाईट असूच शकत नाहीत.)

काजूवाला

मिथेनॉलची एवढी भीती, तर फेणी घाला. तीही अल्कोहोलच. गोव्यात कमी आहे का?

लॅबवाला_डिचोली

फेणीत अल्कोहोल 42-43 टक्के, बाकी बहुतेक पाणी. पाणी तेलात गेलं की साबण. हुर्राक (फेणीच्या आधीची हलकी दारू) घातलात तर त्याहून जास्त. काजूचा सीझन त्यासाठी फुकट घालवू नका.

थोरले_आगोंदकर

आमच्या लहानपणी होडीला उंडीचं तेल लावत, दिव्यातही तेच जळे. किनाऱ्याला उंडीची झाडं होती, बिया फुकट पडायच्या. आता तिथे रिसॉर्टची कुंपणं. बायोडिझेलसाठी मोगली एरंडाच्या मागे सरकार धावलं तेव्हा आमची उंडी कोणाला आठवली नाही. मला वाटतं खरा प्रश्न तो आहे.

लॅबवाला_डिचोली

आजोबा, उंडीचं तेल फार आम्लट. थेट कॉस्टिक घातला तर साबणच. आधी आम्ल घालून एक फेरी करावी लागते, मग दुसरी. पण झाडांविषयी तुम्ही म्हणता ते खरं आहे.

पंपावरचा_त्रस्त

हे सगळं करायची वेळच का यावी? 2012 मध्ये पर्रीकरांनी व्हॅट जवळजवळ काढला तेव्हा एका रात्रीत स्वस्त झालं होतं. ते परत करा, कोणी गोठ्यामागे रसायनं शिजवणार नाही.

सत्तरीचा_कुळागरी

ते पेट्रोल होतं हो. माझा पंप डिझेलचा. आम्ही तेव्हाही होतो तिथेच.

लॅबवाला_डिचोली

कुळागरीभाऊ, तुमची रीत मी पोस्टवाल्या पात्रांवांपेक्षा शंभरपट बरी म्हणतो. उघड्यावर, झाकणबंद, जुन्या पंपाला, स्वतःपुरतं. चला, तेवढं मान्य. नव्या कॉमन रेल (फार दाबाने डिझेल फवारणाऱ्या) गाडीत मात्र घालू नका, आणि विकायचं मनातही आणू नका. त्याला आयएस 15607 या बायोडिझेलच्या मानकाची चाचणी लागते, गिझरच्या टाकीत ती होत नाही. मिथेनॉल मोजताना हातमोजे असतात ना?

सत्तरीचा_कुळागरी

असतात. "चला, तेवढं मान्य" फ्रेम करून गोठ्यात लावतो. तुम्हाला एक बाटली पाठवू? 3 मिलि 27 मिलि मिथेनॉलात टाकून बघा, तळाला तेल बसलं तर मिशी काढतो.

लॅबवाला_डिचोली

पाठवा. एकच राहिलं. तीनदा धुता म्हणालात. ते पाणी कुठे सोडता? त्यात साबण, कॉस्टिक, मिथेनॉल, सगळं असतं.

सत्तरीचा_कुळागरी

खड्डा केलाय, लांब.

फोंड्याची_सुगरण

आणि खड्ड्याच्या आधी?

सत्तरीचा_कुळागरी

आधी पोफळींच्या आळ्यात सोडायचो. एकदाच. दोन पोफळी गेल्या. बायको अजून बोलते.